बाजाची खालची तीन भोकं

आई, तुझा तोंडाचा बाजा बिघडलाय, असं घरात ठरलंय. ठरवलं माझ्या लेकीनं, मी फक्त मान हलवली. खालच्या अंगाची तीन भोकं दिवाळीपासून बोलत नाहीत. फुंकलं तर नुसता वारा जातो, आत ओढलं तर माझ्याच घशात घरघर होते आणि सूर काही येत नाही. वरची भोकं अजून वाजतात, पण तू जयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचीस ती चाल खालूनच सुरू होते, त्यामुळं ती मला आता वाजवताच येत नाही. दुरुस्तीला द्यायचा की नवा मागवायचा, यावर चार दिवस खल चालला. वीतभर वस्तू, तिच्यावर चार दिवस! दुसरं कुणी असतं तर हसलं असतं. तू हसणार नाहीस, कारण हाच खल आपण दोघींनी दौंडच्या त्या पत्र्याच्या खोलीत केला होता, आणि तेव्हा मी तुझ्याशी खोटं बोलले होते. ते तुला कधी सांगितलं नाही. आज सांगायला बसलेय, तर आधी इकडचं तिकडचंच आठवतंय.

बाजा आपल्या घरात आला कसा, ते तू इतक्यांदा सांगितलंस की मी तिथं होते असंच मला वाटतं. रेल्वेच्या क्वार्टरमध्ये गार्डसाहेबांच्या मॅडमकडं तू भांडी घासायचीस. साहेब संध्याकाळी ओट्यावर बसून माउथ ऑर्गन, म्हणजे हाच बाजा, वाजवायचे आणि तू मोरीत राखेचे हात तसेच ठेवून ऐकत राहायचीस. ते लोक कायमचे परदेशी निघाले तेव्हा मॅडमनं कामवाल्यांना कपडे, कपबश्या वाटल्या आणि तुला विचारलं, तुला काय हवं? तू म्हणालीस, "त्यो बाजा द्या." साहेबांनी तो रुमालानं पुसून तुझ्या हातात दिला. वस्तीत टिंगल झाली. बाई माणूस बाजा फुंकते, आता हिला मिशा लावा, असं कुणीतरी म्हणालं, तर तू म्हणालीस, "मिशा तुमच्याच ऱ्हाऊ द्या. वाऱ्याला आडव्या येत्यात." ही गोष्ट सांगताना तू दर वेळी एवढी हसायचीस की ठसका लागायचा. पुढं पुढं तो हसल्याशिवायही लागायला लागला.

बाजा चहा पावडरीच्या डब्यात असायचा, चुलीमागच्या फळीवर. अजून त्याच डब्यात आहे. भाकरी झाल्या, तवा उतरवला, की तू चूळ भरायचीस, पदरानं ओठ पुसायचीस आणि मगच बाजा तोंडाला लावायचीस. एकदा मी चटणी-भाकरी खाता खाता तो उचलला, तर तू पाठीत असा धपाटा घातलास की घास बाहेर आला. "खरकट्या तोंडानं फुकती व्हय गं भवाने? पत्तीला अन्न चिकाटलं की ती मुकी व्हती. आधी चूळ भर!" आत पितळेच्या पत्त्या असतात, बारीक सूर बारीक पत्तीचा आणि जाड सूर मोठ्या पत्तीचा, हे मला त्या धपाट्याबरोबरच कळलं. चूळ भरल्याशिवाय माझ्या घरात अजून कुणी बाजाला हात लावत नाही.

मॅडम गेल्या, क्वार्टरची कामं सुटली आणि तू खडीच्या क्रशरवर जायला लागलीस. आबा मी चौथीत असतानाच गेले होते, दुसरं कोण होतं आपल्याला? दिवसभर दगडांच्या पाट्या यंत्राच्या तोंडात ओतायच्या आणि खाली साचलेली भुकटी झाडून काढायची. तोंडावर पदर बांधलेला असायचा, तरी घरी येशील तेव्हा भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. मी म्हणायचे, आई म्हातारी होऊन आली. तू म्हणायचीस, "तोंड धुतलं की पुन्यांदा तरणी." मी बारावीत गेले त्या उन्हाळ्यात तू पहिल्यांदा म्हणालीस, "खालचं सूर येईनात गं. बाजा दमला." तेव्हा तुला नळावरून कळशी आणतानाही मध्ये दोनदा टेकावं लागत होतं. दवाखान्याचं नाव काढलं की तुझं उत्तर ठरलेलं, "तुझी बारावी हूं दे, मंग बघू." आणि खुटबावचा मामा दर पंधरा दिवसांनी येऊन बसायचा. त्याच्याकडं माझ्यासाठी एक स्थळ तयारच होतं. "ताई, तुझ्याच्यानं आता काम हुईना. पोरीचं उरकून टाकू. शिकून काय कलेक्टर व्हणार हाय व्हय?" तू त्याच्यापुढं चहा ठेवायचीस आणि म्हणायचीस, "मला काय धाड भरलीया? मी हाय की धडधाकट." मामा गेला की मग दाराची कडी लावून खोकायचीस.

दौंडला बाजारात एका माडीवर भजनाच्या पेट्या दुरुस्त करणारे काका होते. एका रविवारी आपण बाजा घेऊन निघालो. जिन्यापाशी आल्यावर तू वर बघितलंस आणि खालच्या पायरीवरच बसलीस. "तू व्हय म्होरं. मी हितं जरा ऊन खाते." मे महिन्यात ऊन खाते! मी एकटीच वर गेले. काकांनी बाजा उघडला, पत्त्यांवरून मऊ ब्रश फिरवला, एकेक पत्ती नखानं हलकेच उचलून पाहिली आणि पुन्हा स्क्रू आवळले. मग त्यांनी तो तोंडाला लावला आणि खालची तीन भोकं फुंकली. सगळी माडी भरली, आई. एवढा भरलेला आवाज मी त्या बाजातून कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. त्यांनी ते सूर पुन्हा वाजवले, मग आणखी एकदा. मग विचारलं, "वाजवतं कोण?" मी म्हणाले, आई. "काम काय करती?" मी सांगितलं. ते बाजाच पुसत राहिले. "पोरी, ह्याला काय बी झालं न्हाई. मोठ्या पत्तीला मोठा दम लागतो. आईला न्हे कुठंतरी, छातीचा फोटू काढून घे. आन् लवकर न्हे."

मी जिना उतरत होते आणि मला समोर मामा दिसत होता. तू अंथरूण धरलंस की काम सुटणार, काम सुटलं की मामा येणार आणि बारावीच्या आत माझं लग्न उरकणार. एवढंच माझ्या डोक्यात होतं. तुझी छाती डोक्यात नव्हती. खरं तेच आहे. खाली आले तर तू विचारलंस, "काय म्हनलं?" मी तो स्वच्छ बाजा ओढणीनं पुसत म्हणाले, "गेलाय गं. पत्त्याच गेल्यात. दुरुस्तीत अर्थ न्हाई म्हणाले, नवा घ्या." तू माझ्याकडं बघितलंस. मी बाजाकडंच बघत राहिले. "मंग नवा घिऊ," तू म्हणालीस आणि भिंतीला धरून उठलीस.

नवा आणला. त्यावर चार दिवस खटपट करून तू म्हणालीस, "ह्यो बी तसलाच निघाला." मग जत्रेतून तिसरा आणला. त्याची खालची भोकं तू फुंकलीसच नाही, वरचे दोन सूर काढलेस आणि डब्यात ठेवून दिलास. तू भिंतीला टेकून श्वास घ्यायचीस आणि मी समोर बसून पाठांतर करायचे, तुझी घरघर ऐकू येऊ नये म्हणून मोठ्यानं. झाले मी बारावी. निकालाचा कागद हातात घेताना तुला खाटेवरून उठता येत नव्हतं. मग दवाखाना झाला, फोटो झाला, डॉक्टर म्हणाले, फार उशीर केलात. "केलात" म्हणाले ते, माझ्याकडं बघून. पाऊस उघडायच्या आत तू गेलीस. त्याआधी एकदा तू डबा मागून घेतलास, तिन्ही बाजे चाचपलेस आणि मॅडमचा जुना तेवढा माझ्या हातात दिलास. "ह्यो ठिव. ह्यो चांगला हाय." बाकीचे दोन वस्तीतल्या पोरांना देऊन टाक म्हणालीस.

चांगला हाय! म्हणजे तुला माहीत होतं का गं? सत्तावीस वर्षं मी हेच विचारतेय. माडीची खिडकी उघडी होती. पण खाली रिक्षा होत्या, रसवाल्याच्या चरकाचे घुंगरू वाजत होते, एवढ्या गलक्यात तुला काय ऐकू गेलं असणार, अशी मी स्वतःची समजूत घालत आले.

लग्न शेवटी मामानंच जमवलं, पण बारावीनंतर. मी मांडवगण फराट्याला आले. माणूस बरा मिळाला, उसाच्या ट्रॅक्टरवर असतो, हंगामात आठ-आठ दिवस तोंड दिसत नाही. एक लेक झाली. ती मोठी झाल्यावर मी शिरूरकडच्या एका ओतकामाच्या कंपनीत जायला लागले, त्याला आता दहा वर्षं होतील. आम्ही बायका वाळूचे ठोकळे कानशीनं घासून गुळगुळीत करतो, मग त्यांच्याभोवती लोखंड ओततात. वाळू इतकी बारीक की उडताना दिसत नाही, पत्र्याच्या भोकातून उन्हाची तिरीप आली की तेवढ्यातच दिसते. मास्क देतात, पण गुदमरतं म्हणून आम्ही गळ्यात ठेवतो. सुपरवायझर येता-जाता ओरडतो, "मास्क ऊपर करो, दीदी," आणि त्याचा स्वतःचाही गळ्यातच लोंबत असतो. मागच्या वर्षी माझ्या शेजारची बाई काम सोडून गावी गेली, पुढं तिचं काय झालं ते कुणी बोलत नाही. मी घरी आले की लेक म्हणते, आई, भुवया बघ तुझ्या. मी म्हणते, धुतल्या की तरणी. ही थट्टा मी कुणाकडून उचलली ते तिला माहीत नाही.

लेक पोलीस भरतीची तयारी करते. सकाळ-संध्याकाळ पळते, छाती म्हणजे लोहाराचा भाता आहे नुसता. महिन्यावर मैदानी चाचणी आलीय. परवाच्या सुट्टीच्या वारी मी मागच्या दारी भांडी घासत होते. ती म्हणाली, बघू तरी कुठली भोकं वाजत नाहीत, आणि डबा घेऊन आत गेली. मोरीत चूळ भरल्याचा आवाज आला. गुणाची गं पोर, असं मनात आलं. आणि मग खालची तीन भोकं वाजली, आई. भरून वाजली, त्या माडीवर वाजली होती तशी. माझे साबणाचे हात तसेच राहिले. तिनं पुन्हा वाजवून पाहिली, या वेळी हळू, कुणाला कळू नये अशी. तरी मला कळत होतं.

बाहेर आली ती बाजा ओढणीनं पुसतच. "गेलाय गं आई हा. पत्त्या गंजल्यात. नवाच मागवू ऑनलाइन." मी म्हणाले, दौंडला पेटीवाल्या काकांचा मुलगा अजून दुकान चालवतो, त्याला दाखवून तरी येऊ. तर वसकन अंगावर आली, "एवढ्याशासाठी दौंडला? तो काय उघडून बघणार अन् काय सांगणार?" मग तिचा आवाज एकदम उतरला. "नको ना आई. जुन्याचं काय घेऊन बसलीस." माझ्याकडं बघत नव्हती. दुरुस्तीला नेलं की कुणीतरी उघडून बघतं, नव्याला कुणी उघडत नाही. हे मी तिला शिकवलेलं नाही, तिचं तिला सुचलं. मी काम सोडलं तर कंपनीच्या बसमध्ये माझ्या जागेवर कोण बसणार, हेही तिला बरोबर ठाऊक आहे. मला तिचा राग येत नाही. येतो, खोटं कशाला बोलू, थोडा येतो. पण त्याहून जास्त भीती वाटते. तिची नाही, माझ्या घशातल्या त्या घरघरीची. ती मी ओळखते. तुझ्या घरघरीसमोर बसून मी अख्खी बारावी पाठ केलीय.

आणि मला ऐकू आलं, आई. मध्ये भिंत होती, नळ चालू होता, तरी ऐकू आलं. म्हणजे तुलाही आलंच असणार, उघड्या खिडकीतून, त्या पायरीवर. सगळं ऐकून तू भिंतीला धरून उठलीस आणि म्हणालीस, नवा घिऊ. मग तो नवा चार दिवस माझ्यादेखत फुंकत बसलीस, आणि तिसरासुद्धा आणू दिलास. मी तुला फसवलं, असं मी इतकी वर्षं समजत होते. तू मला एकदा तरी कानफटात मारून विचारायचं होतंस गं.

हे कुठं पाठवायचं नाहीच. लेकीच्या वहीची मागची पानं फाडून लिहिलंय, ती मैदानावरून यायच्या आत पाणी तापवायच्या बंबात जाईल. फक्त एक कबूल करते. आज सकाळी बुटाची नाडी बांधता बांधता तिनं विचारलं, "मागवू ना मग नवा? आणि आई, तुझा तो खोकला... एकदा दाखवून येऊ या का?" शेवटचं तिनं खाली बघूनच विचारलं. मी तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, "मागव नवा. आणि दवाखान्याचं, तुझी भरती होऊ दे, मग बघू."