शिवलेली शेवटची पानं

पंचशीला,

सकाळच्या एस.टी.नं नांदेडला निघालो. तू नव्या कलेक्टर कचेरीतल्या कामावरून येईपर्यंत टँकर येऊन जाईल, म्हणून घागरी शेजारच्या कोंडाबाईकडं ठेवल्यात.

एवढ्यात वाचलेल्यातली दोन पुस्तकं तुझ्या उशाशी ठेवलीत. आधी निळ्या कव्हराचं वाच. त्यात पोस्टमास्तरचा खून असा रंगवलाय, की माझ्यासारख्या खूनकथा लिहिणाऱ्याचा जळफळाट झाला. जाडं पुस्तक टँकरच्या रांगेसाठी. विहिरीतल्या प्रेताचं तिसरं पुस्तक मात्र लायब्ररीत परत केलं. त्यातला फौजदार लई बडबड करतो.

"मरतंय कोण ते आधी कळू दे, मग निवांत वाचते," म्हणत तू दरवेळी शेवटचं पान आधी उघडतीस. म्हणून दोन्हींची शेवटची पानं सुईदोऱ्यानं शिवून टाकलीत. उसवू नको.

गळ्याला गाठ आलीय, ते तुला बोललो नव्हतो. आज तीच तपासून घ्यायला चाललो. डॉक्टर गुरुवारी काय ते सांगणार. त्या दिवशी तू संगं चल. आधी तू आत जाऊन ऐक, मी बाहेर बसतो. शेवट आधी वाचायचा धीर आपल्या घरात तुलाच हाय.

केरबा