भिंतीला शहाण्णव गुण

दिनांक : ११ मार्च

प्रति,
मा. मुख्य परीक्षा नियंत्रक,
विशेष परीक्षा विभाग,
दुसरा मजला, खिडकी क्र. ४ च्या मागील दालन.

विषय : उमेदवार क्र. २१७ हिची मूळ चित्रफीत दि. १५ मार्च रोजी सायंकाळी पाच वाजता पुसू नये व त्या मूळ फितीवरूनच तिची फेरतपासणी व्हावी, याबाबत.

संदर्भ : १) आपले निकालपत्र. २) आपल्या त्रिसदस्य समितीचा, व्हिडिओ लहान करणाऱ्या तीन सॉफ्टवेअरचा तुलनात्मक अहवाल. ३) अर्जदाराच्या पहिल्या तक्रारीला आपण पाठवलेले व्हिडिओ-उत्तर, जे आजतागायत कोणालाही वाचता आलेले नाही.

महोदय,

अर्जदार जन्मापासून कर्णबधिर असून लग्नाच्या चित्रफिती जोडून, लहान करून देणे हा त्याचा एकवीस वर्षांचा धंदा आहे. उमेदवार क्र. २१७ ही त्याची मुलगी. तिलाही ऐकू येत नाही. लहान कर्णबधिर मुलांना शिकवायचे, हे तिने वयाच्या नवव्या वर्षी ठरवले आणि त्यात आजवर बदल केलेला नाही. त्या शिक्षणक्रमाच्या प्रवेशासाठी आपण परीक्षा घेता. वीस प्रश्न, उत्तरे कॅमेऱ्यासमोर खुणांच्या भाषेत, उत्तीर्ण होण्यासाठी बारा बरोबर. आपल्या कार्यालयात या परीक्षेला 'तोंडी परीक्षा' म्हणतात. त्याबद्दल अर्जदाराची स्वतंत्र तक्रार आहे, ती सवडीने करण्यात येईल.

१. मुलीला सात गुण मिळाले. शेरा असा : "उमेदवाराची बोटे अस्पष्ट. सरावाची गरज." जी मुलगी दीड वर्षाची असताना बोटांनी दूध मागत होती आणि आता भांडताना आईला एक वाक्यही पुरे करू देत नाही, तिला सरावाची गरज आहे हे वाचून अर्जदाराने परीक्षकांना पाठवलेल्या फितीची प्रत मागितली. सहा अर्जांनंतर ती मिळाली. त्या फितीत मुलीच्या मागच्या भिंतीवरील स्विचबोर्डाचे चारही स्क्रू मोजता येतात. प्लास्टरला गेलेला तडा दिसतो. मुलीच्या बाहीचे बटण दिसते. मुलीची बोटे मात्र मोजता येत नाहीत. मनगटाच्या पुढे नुसती वाफ आहे.

२. हे कसे झाले, ते आपल्याच अहवालात लिहिले आहे, फक्त ते कोणी वाचलेले दिसत नाही. तीनशे चाळीस उमेदवारांच्या फिती लहान करायच्या होत्या. त्यासाठी समितीने तीन सॉफ्टवेअरची चाचणी घेतली आणि चाचणीला फीत निवडली ती नियंत्रक साहेबांच्या, म्हणजे आपल्याच, स्वागतपर भाषणाची. त्या तीन मिनिटांत साहेब खुर्चीत बसलेले असून त्यांचे हात अथपासून इतिपर्यंत टेबलाखाली आहेत. हलतात ते फक्त ओठ. अशा फितीवर कोणतेही सॉफ्टवेअर पहिले येईल. जो भाग हलत नाही तो जपायचा आणि जो झपकन हलतो तो सारवून टाकायचा, अशीच घाईच्या सॉफ्टवेअरची रीत असते, आणि वेळ वाचवायला ते मधली चित्रेही गाळते. शिवाय समितीने दर्जा मोजला तो सगळ्या चित्राची सरासरी काढून. चित्रात साहेब थोडे आणि भिंत फार. त्यामुळे सॉफ्टवेअर क्र. १ ला वेगात पहिला क्रमांक व दर्जाला शंभरपैकी शहाण्णव गुण मिळाले. हे गुण भिंतीचे आहेत. भिंत पास झाली आणि अर्जदाराची मुलगी नापास झाली.

३. अर्जदाराने हीच तुलना घरी करून पाहिली. त्याच्या पत्नीने कॅमेऱ्यासमोर वीस उत्तरे खुणांनी दिली. ती वीस मिनिटांची फीत तिन्ही सॉफ्टवेअरमधून काढून सारख्याच आकाराची लहान केली. मग मुलीच्या आत्याला, म्हणजे अर्जदाराच्या थोरल्या बहिणीला, पलीकडच्या खोलीत बसवून काय समजते ते लिहायला सांगितले. तीही कर्णबधिर असून शिवणकाम करते आणि चुकीची खूण दिसली की समोरच्याच्या हातावर चापटी मारते. सॉफ्टवेअर क्र. १ ला चार मिनिटे लागली. आत्याला सहा उत्तरे वाचता आली. क्र. २ ला अकरा मिनिटे, तेरा उत्तरे. क्र. ३ ला चाळीस मिनिटे, वीसपैकी वीस. पहिली फीत पाहून तिने विचारले की वहिनीने हातात मोजे घातले होते का. आपल्या परीक्षकांना सात उत्तरे कळली, म्हणजे ते आत्यापेक्षा एका गुणाने हुशार निघाले, हे अर्जदार मोकळ्या मनाने मान्य करतो.

४. क्र. ३ वापरले असते तर तीन दिवस जास्त लागले असते, असे आपला अहवाल म्हणतो. निकालपत्रावर सही करणारे साहेब रजेवर असल्यामुळे निकाल अकरा दिवस अडला होता, हे नोटीस बोर्डावर लिहिलेले आहे. वाचवलेल्या तीन दिवसांचे पुढे काय झाले, याचा खुलासा व्हावा.

५. पहिल्या तक्रारीला आपण खुणांच्या भाषेत व्हिडिओ-उत्तर पाठवले. हेतू चांगला असावा. पण तेही सॉफ्टवेअर क्र. १ मधूनच काढलेले आहे. दुभाषी बाईंच्या कानातले स्पष्ट दिसते, कोपरापर्यंत हात बरे आहेत, पुढे पुन्हा वाफ. पत्नीच्या मते आपण तक्रार मान्य केली आहे. आत्याच्या मते फेटाळली आहे. आत्याच्या यजमानांना त्यात शनिवारी कार्यालय बंद असल्याचे दिसले. खिडकी क्र. ४ वर विचारायला गेलेल्या अर्जदाराला तेथील कारकुनाने तीन चिठ्ठ्या लिहून दिल्या. पहिली : "चित्र तर एकदम क्लिअर आहे की हो, भिंत बघा ना!" दुसरी : "पोरीलाच जरा सावकाश बोलायला सांगा." तिसरी : "जेवणाची सुट्टी."

६. अर्जदाराला राग आला आहे आणि तो लपवण्याचा त्याचा विचार नाही. निकाल लागल्यापासून मुलगी घरात खिशात हात घालून बसते. काही विचारले तर मानेने हो-नाही करते. ज्या घरात सगळे बोलणे हातांनी होते, त्या घरात खिशात घातलेले हात पाहून बापाला काय होते, ते आपल्या नमुना अर्जात लिहायला रकाना नाही. तिने तो शेरा खरा मानला आहे. आपल्याच हातांत दोष आहे असे तिला वाटते. कार्यालय खोटे कशाला लिहील, असे तिने पाटीवर लिहून बापालाच विचारले.

७. आता जागा मोकळी करण्यासाठी १५ मार्चला सर्व मूळ फिती पुसणार आणि फेरतपासणी लहान केलेल्या प्रतीवरूनच करणार, असे आपले परिपत्रक आहे. मुलीने वीस उत्तरे दिली होती याचा जगात एकच पुरावा आहे आणि तो आपल्या कपाटात आणखी चार दिवस आहे.

८. सबब अर्जदाराने साहेबांच्या सोयीसाठी एक चाचणी तयार केली आहे. साहेबांचे तेच भाषण आपल्या संकेतस्थळावरून घेऊन, सॉफ्टवेअर क्र. १ ने मुलीच्या बोटांचे जे केले तेच अर्जदाराने साहेबांच्या आवाजाचे केले : मधले तुकडे गाळले आणि उरलेले सारवले. अर्जदाराला स्वतःला ते ऐकू येत नाही. शेजारच्या वायरमनने ऐकून लिहून दिले : "आवाज साहेबांचा आहे एवढं कळतं. खुर्चीची करकर मात्र झकास ऐकू येते." मूळ भाषणात वीस वाक्ये आहेत, तीही त्यानेच मोजून दिली. साहेबांनी आपल्या दालनात बसून, मूळ भाषण न पाहता, ही वीस वाक्ये लिहून काढावीत. शब्द साहेबांचेच आहेत, तेव्हा अभ्यासक्रमाबाहेरचे काही विचारले असे म्हणता येणार नाही.

बारा वाक्ये बरोबर आली, तर अर्जदार हा अर्ज मागे घेईल आणि दोष तुझ्या हातांचाच होता, असे मुलीला स्वतः सांगेल. बारा आली नाहीत, तर मूळ फीत जागेवर राहावी, तिच्यावरूनच तपासणी व्हावी आणि दोष तिच्या हातांचा नव्हता, असे साहेबांनी आपल्या सहीने तिला लेखी कळवावे. कागदावर. व्हिडिओ पाठवू नये.

आपला, १५ तारखेच्या पाच वाजेपर्यंत नम्र,

(सही)
उमेदवार क्र. २१७ चे वडील

सोबत :
१) परीक्षकांना पाठवलेल्या फितीची प्रत.
२) घरगुती तुलनेच्या तीन फिती व आत्याच्या हस्ताक्षरातील तीन उत्तरपत्रिका.
३) खिडकी क्र. ४ वरील चिठ्ठ्या, नग तीन.
४) साहेबांचे भाषण, लहान केलेले.
५) वीस ओळी आखलेला कोरा कागद, साहेबांच्या उत्तरांसाठी. वेळ वीस मिनिटे. शेऱ्याची जागा अर्जदाराने आपल्या परीक्षकांच्याच शब्दांत आधी भरून ठेवली आहे.