भविष्य निर्वाण निधी

मेहुणेबुवांस सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे? जिना उलटे उतरत जा, फरक पडतो (वैद्यक मी वाचून शिकलो आहे). इकडे तुमच्या बहिणीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी मी भविष्य निर्वाह निधीतून कर्ज काढायला गेलो आणि भलतंच होऊन बसलं.

अर्ज छापील. त्यातला 'निर्वाह' मला पहिल्यापासून हलका वाटतो. निर्वाह म्हणजे कसंबसं पोट भरणं. सरकारची पाण्याची मीटरं आयुष्यभर दुरुस्त करणाऱ्याने (तेही कुणी न शिकवता) असल्या शब्दाखाली सही का करावी? मी तो खोडून वर ठसठशीत 'निर्वाण' लिहिलं.

त्यामुळे अर्ज गेला मयतांच्या टेबलावर. तिथला कारकून फार मऊ बोलतो. मी म्हटलं, मीच अर्जदार. तो माझ्या खांद्यामागच्या भिंतीला म्हणाला, "सगळे असंच म्हणतात. पण काका, हे परतफेडीचं कर्ज. गेलेला माणूस परत कसं करणार?"

बाकावर चौघे बसले होते. त्यांच्या पायांशी सावली नव्हती, आणि पाहतो तर माझ्याही (दिवा बरोबर डोक्यावर असला की असं होतं, प्रकाशाचंही मी वाचलं आहे). एका म्हाताऱ्याने सरकून जागा दिली. "बसा. सुरुवातीला घरचे हाका मारतात, मग थांबतात."

मी बसलो नाही. आमच्या कचेरीत परतलो तर माझ्या खुर्चीत दुसराच, आणि माझा पाना त्याच्या हातात, उलटा धरलेला. मी ओरडलो. त्याने उठून खिडकी लावली.

बाकी क्षेम. मुलांना आशीर्वाद.

तुमच्या बहिणीचा नवरा

ता. क. मयताचे पैसे मात्र लगेच मिळतात. वारस तुमची बहीण. सोबत एका नातेवाइकाने 'मी यांना ओळखत होतो' असं लिहून द्यावं लागतं. तुम्ही या. तिथे 'ओळखतो' लिहायचा मोह होईल, लिहू नका, पैसे अडकतील. आधी तिचा डोळा होऊ दे. मी जिवंत असल्याचं नंतर सवडीने सिद्ध करीन.

आणखी ता. क. आत्ता ती दारात येऊन म्हणाली, "कोण पुटपुटतंय?" मी म्हटलं, मी. तिने खोलीभर पाहिलं आणि दिवा मालवून गेली. मोतीबिंदू, दुसरं काय. फक्त तो एकाच डोळ्यात आहे ना, एवढं डॉक्टरांना पुन्हा विचारून या.