पान एक्केचाळीसवरची चूक

प्रिय अण्णा,

परवा तुमचं वर्षश्राद्ध आहे. आईनं ठरवलं, स्टीलचे डबे वाटायचे नाहीत, अण्णांचं गणिताचं पुस्तक वाटायचं. तुमचे विद्यार्थी छापूनही घेऊन आले. नवागामच्या आपल्या घरात पाय ठेवायला जागा नाही, एवढे गठ्ठे! आणि आज मला पान एक्केचाळीसवर चूक सापडली. कुणाला सांगू? म्हणून तुम्हालाच लिहितेय.

पाचव्या धड्यात तुम्ही लिहिलंय, या सिरीजच्या हव्या तेवढ्या टर्म घ्या, एरर, म्हणजे खऱ्या उत्तरापासूनचा फरक, सोडून दिलेल्या पहिल्या टर्मपेक्षा जास्त नसते. x धन असेल तर अगदी खरं, कारण चिन्हं आलटून-पालटून येतात. पण अण्णा, तुम्ही 'शून्य सोडून कोणत्याही x साठी' असं लिहून बसलात! मी उणे दहा घेतला. तुमच्या सूत्राच्या कंसातली सगळी चिन्हं अधिक झाली. चार टर्मची बेरीज केली. पाचवी टर्म ०.००२४, आणि एरर ०.००५५. तीनदा करून पाहिलं.

वर्गात तर तुम्हीच ओरडायचात ना, "पहिले चिन्हं देखा!" मग इथंच कसे घसरलात?

पण रागावू तरी कोणत्या तोंडानं? दवाखान्यात तुम्ही विचारलं होतं, "बेटा, पाचवा धडा देखा का? बरोबर शे ना?" मी फोनमधून मान वर न करता म्हणाले, "हा अण्णा, बरोबर शे." तो धडा मी उघडलासुद्धा नव्हता. एम.एस्सी. झालेली मुलगी मी! तुम्ही हसलात आणि डोळे मिटून पडून राहिलात. ते हसू आठवलं की मला अन्न गोड लागत नाही.

आई म्हणते, "गयेल माणूसनी चूक काढशी का?" गठ्ठे उतरवून देणारा तुमचा जुना विद्यार्थी जिग्नेश म्हणतो, "जवा दो ने बेन, कोण जोवानुं छे?" कोण बघणार म्हणे! पुढच्या वर्षी पोरं हेच परीक्षेत लिहितील, त्याचं काय?

दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली तर लोक तुमच्या नावानं कुजबुजणार. गप्प बसले तर पुन्हा एकदा न बघता हो म्हटल्यासारखं. तुम्ही असतात तर लाल पेन उचललं असतंत आणि विषय तिथंच मिटला असता.

म्हणून चिठ्ठी मी चिकटवतेच, प्रत्येक प्रतीत. आणि परवा सगळ्यांसमोर उभी राहून सांगेन की तपासायचं काम माझं होतं, ते मी केलं नाही. रडू आलं तरी सांगेन, हे वचन देते. जमलेल्या प्रत्येकाला खरं कळेल, अण्णा. फक्त ज्यांनी मला विचारलं होतं, त्यांना नाही.

तुमची,
सुषमा