स्थिरांकाचे दोन आकडे

अप्पा,

तुमची नात चार-सहा दिवस गप्प होती. आपल्या घरात गप्प बसायची रीत नाही, म्हणून ते जास्तच ऐकू येत होतं. बारावीला आहे, सात रस्ता चौकातल्या एका क्लासला जाते. वायूंचा धडा चालू असताना तिनं हात वर करून विचारलं, "सर, वायूंच्या सूत्रातला आर हा स्थिरांक आहे ना? मग एका गणितात ८.३१४ आणि दुसऱ्यात ०.०८२१ कसा?" सर म्हणाले, "ज्यूल दिसला की हा, लिटर दिसला की तो. परीक्षेत 'का' विचारत नसतात." वर्ग हसला. तेव्हापासून हिचा हात खालीच होता, आणि परवा जेवताना म्हणाली, केमिस्ट्री मला जमणार नाही, मी सोडते. जन्मभर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाची नात!

मी सरांना भेटायला गेले. मी पेपरात लोकांची टर उडवून पोट भरते हे त्यांच्या कानावर असावं, कारण बोलण्याआधी त्यांनी चहा मागवला. "मॅडम, मुलगी लई हुशार हाय. पण असले प्रश्न घेत बसलो तर पोर्शन कधी संपायचा? तुमीच सांगा की." माणूस वाईट नव्हता, तिथंच माझी पंचाईत झाली. घरून धार लावून नेलेली वाक्यं तशीच परत आणली.

हाच प्रश्न मी तुम्हाला विचारला होता. आई, आपली अव्वा, भाकरी थापतेय. मी अकरावीत, जिभेला नुकतीच धार आलेली. "दोन आकड्यांचा स्थिरांक म्हणजे आपल्या नळाच्या पाण्याचं वेळापत्रक," मी म्हणते. तुम्ही उठता, डब्यातली ज्वारी मापट्यानं मोजता, मग तीच तागडीत ओतता. "आकडा बदलला. ज्वारी बदलली व्हय?" नाही. "मग आर तरी कशाला बदलंल? मोजायचं माप बदललं, एवढंच." तोवर निम्मी ज्वारी फरशीवर. "साकु री," अव्वा कानडीत तुम्हाला थांबवते, "शिकवणी भायेर घ्या." तुम्ही खाली बसून दाणे वेचता आणि वेचता वेचता सांगता, याला नुसता वायूंचा स्थिरांक म्हणू नये. उन्हात दूध किती लवकर नासेल, लिंबाच्या फोडींना मिठात पाणी किती जोरानं सुटेल, टॉर्चचा सेल किती व्होल्ट देईल, सगळ्या हिशेबांत हा बसलेला असतो.

चिडलात ते वेगळ्या दिवशी. सकाळी बावीस अंश, दुपारी चव्वेचाळीस, म्हणजे सायकलच्या ट्यूबमधला दाब दुप्पट, असं मी गणितात लिहिलं होतं. आपण सोलापूरकर उन्हाची फुशारकी मारतोच. "शून्य कुठनं धरलंस? बर्फापासनं? वायूला बर्फाचं काय?" उणे २७३ ला शून्य धरणाऱ्या केल्विनमध्ये मांडल्यावर दाब जेमतेम सात-साडेसात टक्के वाढलेला निघाला. त्या दुपारी फुटलेल्या माझ्या ट्यूबचा दोष उन्हाला देता येईना. तेव्हापासून कुठलाही अन्याय दुप्पट वाटला की मी शून्य कुठं धरलंय ते आधी बघते. माझ्या धंद्याला ही सवय परवडत नाही.

काल तिच्याशेजारी कागद घेऊन बसले. एक लिटर-अॅटमॉस्फिअर म्हणजे १०१.३ ज्यूल, इथवर आठवलं. पुढं गुणायच्या जागी मी भागलं. "आई, काय करतेस? गुण की!" तिनं पेन्सिल ओढून घेतली. ०.०८२१ ला १०१.३ नं गुणल्यावर ८.३१ आणि वर थोडं आलं. तिनं आकड्याभोवती गोल केला. "म्हणजे सर चुकले नव्हते. नुसतं कारण सांगितलं नाही." मग, "पण हायड्रोजन एवढा हलका, क्लोरीन एवढा जड. दोघांना आर एकच कसा?"

"मला नाही माहीत."

"मग उद्या सरांनाच विचारते. हसू देत."

मी मोठ्यानं म्हणाले, आज तुझे आजोबा हवे होते. तसं म्हणायचं असतं. पण अप्पा, तुम्ही असता तर ती पेन्सिल घेऊन तुमच्याच खोलीत गेली असती. काल ती माझ्यापाशी बसली होती, आणि तुम्ही नाही याचं मला घटकाभर बरं वाटलं. तुम्ही हयात असता तरी या एका कबुलीपायी हे पत्र मी टपालात टाकलं नसतं.