न्यायाचं वाक्य

सोनागिरी, भोपाळ
१२ फेब्रुवारी २०१९

ती. शकूताईस,
दिगंबरचा शि. सा. न. वि. वि.

ठण्ण! पत्र्याचा तो आवाज तुला आठवतो का गं, ताई? बाबांची नागपूरहून इथल्या कचेरीत बदली झाली, तेव्हाचा. सरकारी क्वार्टरच्या मागे कोळशाच्या खोलीला पत्रा ठोकलेला होता, तोच आपला गोल. तू आईची धुण्याची मोगरी घेऊन त्यापुढे उभी, आणि मी बाभळीच्या वाकड्या फांदीने चेंडू हाणायचो. तुला चुकवून तो पत्र्यावर बसला की ठण्ण, आणि पाठोपाठ आईचा ओरडा. शनिवारी मैदानाच्या पायऱ्यांवर बसलो असताना साठ वर्षांपूर्वीचा तो आवाज कानाशी येऊन थांबला होता. वाजला मात्र नाही.

म्हणजे काय, तर आपल्या टाउनशिपच्या मुली हॉकीची फायनल हरल्या. समोर ग्वाल्हेरचा क्लब. बरोबरी झाली, मग शूटआउट. त्यात एकेक मुलगी चेंडू घेऊन एकटीच गोलकीपरवर धावून जाते. शेवटची पाळी आपल्या मैथिलीची. माझी नात म्हणून म्हणत नाही, पण पहाटेच्या वाऱ्याने शेत हलावं तशी ती धावली. ग्वाल्हेरच्या गोलकीपरने, संध्या बाथम तिचं नाव, पुढे येऊन अंग झोकलं. मैथिली पडली, चेंडू बाहेर गेला, आणि पलीकडच्या सायकलस्टँडवरची घंटी तेवढी ऐकू आली.

खरा तमाशा नंतर झाला. आमच्या टाउनशिपचं फेसबुकवर एक पान आहे. गावातल्या पारासारखंच, कुणीही यावं आणि बोलून जावं. शेजारच्या सुरेशला तू ओळखतेस. कारखान्यातून तो रिटायर झाला, जीभ अजून कामावर आहे. त्याने पंचाची गाढवावरून धिंड काढायचा बेत मांडला. बाकीच्यांनी ग्वाल्हेरच्या पोरींना नको नको ते म्हटलं. माझा जीव विटला. हरणं काय, कुणाला चुकलंय? पण हरल्यावर माणसाने पायरी सोडू नये, हे आपल्याला शाळेत कवितांनीच शिकवलं ना?

मग मी ग्वाल्हेरवाल्यांच्या पानावर पत्रच लिहिलं. हिंदीत, पण वर नमस्कार, खाली स्नेहाकांक्षी, सगळा आपला थाट. मनात मराठीत आलेल्या ओळीही उतरवून घातल्या:

जय ज्याचा त्यास शोभे, आम्हां शोभते टाळी;
हरल्या हातांनी आज फुलांची ओंजळ दिली.

आणि पुढे लिहिलं की संध्याने निर्मळ खेळाने गोल राखला. आमच्या शेवटच्या खेळाडूचा प्रयत्न फसला, आणि तो फसण्यातच न्याय होता. मैथिलीचं नाव मुद्दाम घेतलं नाही. घरच्या माणसाचा पक्षपात नको.

ताई, काय सांगू! शेकडो लोकांनी वाचलं. ग्वाल्हेरची पोरं मला दादाजी म्हणायला लागली. आपल्या लोकांची तोंडंही जरा बंद झाली. एका हिंदी पेपरनेही छापलं. तुझ्या भावजयीने, लीलाने वाचलं आणि गच्चीवर पापड उलटायला गेली.

रविवारी मैथिली आली नाही. दर रविवारी येते, माझ्या ताटलीतले पोहे संपवते. थकली असेल.

तुझ्या गुडघ्याचं कळव. लोभ आहेच, हरलेल्या भावावर या आठवड्यात थोडा जास्त धरावा.

तुझा,
दिगू


नागपूर
१८ फेब्रुवारी २०१९

चि. दिगूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. गुडघा आहे तिथेच आहे. पत्र्याचा आवाज तुला गोड वाटणारच, तू हाणणारा होतास. मी समोर उभी असायची, मला नडग्यांचं आठवतं. सुनेने तुझं ते फेसबुकचं प्रकरण मला वाचून दाखवलं. ओळी बऱ्या आहेत. दुसरी जरा लंगडते, पण तुझ्या सगळ्याच दुसऱ्या ओळी लंगडतात.

आता कान इकडे कर. मैथिलीचा मला फोन आला होता. आधी मीच कशी आहे ते विचारत राहिली, मग रडली. सांगू नको म्हणाली होती, पण मी म्हातारी झाले, आता कोणाचं ऐकू? अरे, ती आपणहून पडली नाही. त्या गोलकीपरच्या काठीने तिचा पाय ओढला. पंच दुसऱ्या अंगाला होता, त्याला दिसलं नाही. पोरीने हात वर केला नाही, तक्रार केली नाही. मी विचारलं, का गं बाई? तर म्हणते, आजोबांनी लहानपणापासून सांगितलंय, पंचाशी वाद घालायचा नाही. घरी आली, घोट्याला बर्फ लावून बसली आणि फोन उघडला. तर आजोबा साऱ्या जगाला सांगून राहिले की ती पडली यातच न्याय होता.

दिगू, तू अख्ख्या ग्वाल्हेरला नमस्कार घातलास. घरच्या पोरीला लागलं का गं म्हणून विचारलंस का? नाव घेतलं नाहीस म्हणून तुला ते चांगलं वाटलं. तिला वाटलं, आजोबांना माझं नाव घ्यायचीही लाज वाटली.

आणि तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. आता उठशील आणि दुसरं पत्र लिहिशील, झाल्या अन्यायाबद्दल, आणखी चार ओळी जोडून. ते करू नकोस. मैथिलीने मला शपथ घातली आहे की हे बाहेर जाऊ द्यायचं नाही, लोक त्या दुसऱ्या पोरीला फाडून खातील म्हणते. चव्हाट्यावर झालेलं सगळंच चव्हाट्यावर निस्तरत नाही.

लीलाला आशीर्वाद. ती शहाणी आहे, तिला विचारत जा. रागावले तरी माया तीच, हे लिहायला लागू नये.

शकूताई


सोनागिरी, भोपाळ
२५ फेब्रुवारी २०१९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं तेव्हा लीला समोर भाजी निवडत होती. मी तिला विचारलं की तुला हे समजलं होतं का. ती म्हणाली, पाय ओढल्याचं नव्हतं समजलं, पण ते न्यायाचं वाक्य नातीबद्दल आहे हे समजलं होतं. मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस, म्हटलं. तर म्हणते, तुम्ही इतके खूश होता, जिंकल्यासारखे.

सुरेशच्या पोराने बाजूने मोबाईलवर खेळ टिपला होता. मी जाऊन पाहिला. तू लिहिलंस तसंच आहे, ताई. काठी पायात अडकते, मैथिली पडते, उठते, धूळ झटकते आणि त्या मुलीशी हात मिळवते. ते हात मिळवणं मी त्या दिवशी पायऱ्यांवरून पाहिलं होतं, आणि त्यावर मनातल्या मनात एक उपमाही जुळवली होती. पोरगी लंगडतेय हे नाही पाहिलं.

सुरेशचे हात शिवशिवत होते. हे पानावर टाकू, मग बघा ग्वाल्हेर कसं पेटतं, म्हणाला. खरं सांगतो, माझेही शिवशिवले. त्या संध्याकाळी लिहूनही काढलं सगळं. वाचलं तर इतकं सुरेख उतरलं होतं की माझी मलाच भीती वाटली. पुसलं. सुरेशचे हातपाय धरले, तेव्हा कुठे तो थांबला. जाता जाता मला ग्वाल्हेरचा जावई म्हणून गेला.

मग शिवाजी नगरला मुलाच्या घरी गेलो. सुधाकर ऑफिसात होता, सूनबाईने दार उघडलं. मैथिली बाहेर आली. मला वाटलं होतं भांडेल, रुसेल, आत जाऊन दार लावून घेईल. तसं काही केलं नाही. नमस्कार केला. चहा आणून दिला, बशीत बिस्किटं मांडून. माझं ब्लडप्रेशर विचारलं. बसची वेळ सांगितली, फाटकापर्यंत सोडायला आली, सांभाळून जा म्हणाली. माझी टोपी पळवणारी पोर, ताई, माझ्याशी पाहुण्यासारखी सौजन्याने वागली. सौजन्याची इतकी थोरवी गायली मी आयुष्यभर. ते घरच्या माणसाकडून मिळालं की कसं थंड लागतं, ते त्या फाटकात कळलं.

सूनबाई हळूच म्हणाली की हॉकीची काठी माळ्यावर टाकली आहे. मार्चअखेर राज्याच्या शिबिराची निवड आहे, जाणार नाही म्हणते. मी पडले हा माझ्याच माणसांना न्याय वाटतो, तर मी कशाला खेळू, एवढंच बोलली म्हणे.

मी तिथे बसून काय बोललो, विचारशील. हवेबद्दल बोललो. यंदा थंडी लांबली, असं म्हणालो.

ताई, काय करू ते सांग. आशीर्वाद दे, आणि जमल्यास दोन शिव्याही.

दिगू


नागपूर
३ मार्च २०१९

चि. दिगूस,
अनेक आशीर्वाद.

शिव्या मागच्याच पत्रात दिल्या. उरलेल्या भेटीत देईन.

तू पुन्हा जा. बसमध्ये भाषण तयार करू नकोस. मी चुकलो म्हण आणि तोंड मिट. ती काय म्हणेल त्याला उत्तर देऊ नकोस. माफ केलंस का, असं तर मुळीच विचारू नकोस. चुकणाऱ्याने तेवढी घाई करू नये.

आणि सून म्हणते, लिहिलेलं नंतरही काढता येतं. तर ते न्यायाचं वाक्य काढ, आणि त्या मुलीच्या निर्मळपणाचंही. का काढलं ते कोणी विचारलं तर सांगायचं नाही. एकदा तरी न सजवता काहीतरी कर, बाबा.

मायेचं तेच, गुडघ्याचंही तेच.

शकूताई


सोनागिरी, भोपाळ
१० मार्च २०१९

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. पत्र मिळालं त्याच दिवशी ती दोन्ही वाक्यं काढली. टाळीच्या आणि फुलांच्या ओळी राहू दिल्या, जिंकलेल्यांचं जे आहे ते आहे. दोघातिघांनी विचारलं, दादाजी, ते का काढलंत? मी गप्प राहिलो. सुरेशने हसण्याची चित्रं टाकली, त्यालाही गप्प राहिलो.

काल शिवाजी नगरला जाऊन आलो. मी चुकलो गं, एवढंच म्हणालो. बसमध्ये भाषण तयार झालं होतं, ते गिळलं. मैथिली खिडकीशी उभी होती. तिथूनच म्हणाली, ठीक आहे, आजोबा. त्या ठीकमध्ये दार उघडल्याचा आवाज नव्हता, आपटल्याचाही नव्हता. काठी माळ्यावरच आहे. मी वर पाहिलं ते तिने पाहिलं, आणि मी नजर खाली केली.

आजचा रविवारही तसाच. लीलाने पोहे केले, ताटली रिकामी व्हायला फार वेळ लागला.

तू मला लहानपणीच कविता करू द्यायला नको होत्यास. आता उशीर झाला. माया ठेवशीलच, ती ठेवताना माझ्या वाटची थोडी मैथिलीकडे वळवावीस, ही विनंती.

तुझा,
दिगू

ता. क. पाकीट चिकटवणार, तेवढ्यात दार वाजलं. सुरेश असेल म्हणून लीलाने कडी काढली. दारात एक उंच, अनोळखी पोरगी, सकाळच्या गाडीने आलेली, खांद्यावर भलीमोठी किटबॅग. चौकात विचारत विचारत आली म्हणाली. मी ओळखलं नाही. हेल्मेटशिवाय तिचा चेहरा पाहिला होता कुठे? मग तिने नाव सांगितलं. ती संध्या बाथम आहे, ताई. खाली बघत, एका दमात म्हणाली की तिच्या निर्मळ खेळाचं ते वाक्य ती रोज उघडून वाचायची, आणि रोज जेवण जायचं नाही. परवा ते नाहीसं झालेलं दिसलं. तेव्हा तिला कळलं की भोपाळमध्ये कुणाला तरी खरं ठाऊक आहे. दोन दिवस ती वाट पाहत होती, आता शिव्या येतील, मग येतील. कुणीच काही बोललं नाही. ते तिला सोसलं नाही. लीला पाणी घेऊन उभी आहे, मी आत ये, बस म्हणतोय, पण पोरगी उंबरा ओलांडत नाही. पाणी नंतर घेईन म्हणते, आधी मैथिलीच्या घरी चला.