पट्टा सांगेल तिकडे

३ मार्च
देवळाली प्रवराला पोचले. खोली झकास! घरमालकीण राजेश्वरीकाकूंनी आल्याआल्या पिठलं-भाकरी वाढली. काम सोपं आहे. पायी चालणाऱ्याला रस्ता दाखवणारा कमरेचा पट्टा. उजवीकडे वळायचं असलं की उजव्या कुशीत थरथरतो, डावीकडे असलं की डाव्या. चुकलात तर थांबतच नाही. असे वीस वाटायचे आणि लोकांना आवडतात का ते कंपनीला कळवायचं.

६ मार्च
कोणी घेईना. पारावर हसले. म्हणे, आमाला आमचं गाव ठावं न्हाई व्हय? शेवटी काकूंनीच एक घेतला, सासूसाठी. मालनबाई ऐंशीच्या, विसरतात, उसात भरकटतात. काकूंच्या थोरल्याला, कल्याणला, मोबाईलवरून ठिकाण कसं बदलायचं ते मी शिकवलं. संध्याकाळी आजी मळ्यातून एकट्या घरी आल्या. मला रडूच आलं.

१३ मार्च
दुपारी आजी तिसऱ्यांदा दारावरून गेल्या. हाक मारली तर म्हणाल्या, "बाई, घर अजून फुडं हाय. पट्टा सांगतोय." ओट्यावर कल्याण मोबाईल घेऊन बसलेला. आजी जवळ आल्या की ठिकाण बदलायचा. शेजारचे चौघे हसत होते. काकूही. मी पट्टा काढायला धावले, तर त्याला त्यांनी कुलूप घातलेलं.

१४ मार्च
ऑफिसला सांगितलं. साहेब म्हणाले, वापर होतोय ना, मग छान. आज अकरा जणांनी पट्टे मागितले. स्वतःसाठी एकानेही नाही. सासूसाठी. सुनेसाठी. वेड्या भावासाठी.

१७ मार्च
आजी गेल्या. उन्हात चालता चालता पडल्या. तळपाय सोललेले. पट्टा थरथरतच होता. कल्याणला तोंडावर सांगितलं, उद्या पोलिसांत जाणार. काकूंनी उठून दाराला कडी घातली.

१८ मार्च
उसात आहे. मोबाईल त्यांनी काढून घेतला, ही वही तेवढी राहिली. पट्टा माझ्या कमरेला, कुलूप लावून. कल्याण म्हणाला, "ताई, एवढा चांगला हाय ना? मग त्योच न्हील तुमाला घरी."
ऊस डोक्याच्या वर. आकाशाची नुसती चिंचोळी फट. उजवीकडे. पुन्हा उजवीकडे—

हसणं ऐकू येतं. एकदा इकडून, एकदा—

थांबायचं ठरवलं. थांबवत नाही. वाटतं, या वेळी खरी वाट असली तर—

उसाचं वाळलं पाचट पेटल्याचा वास. डावी कूस थरथरते. धूर पण डावी—